यंत्रांचा संवाद अधूनमधून तुटतो तेव्हा...

जळालेली मोटर, तुटलेली वायर किंवा कायमचा बंद पडलेला पंप यांचे निदान करणे तुलनेने सोपे असते. बिघाड डोळ्यांसमोर असतो आणि दुरुस्ती होईपर्यंत तो जागचा हलत नाही. तंत्रज्ञाची खरी कसोटी लागते ती येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाच्या वेळी. कारखान्यातील लाइन मध्यरात्रीनंतर केव्हातरी चाळीस सेकंदांसाठी थांबते, संगणकाच्या पडद्यावर संपर्क तुटल्याचा इशारा झळकतो आणि माणूस पॅनेलपाशी पोहोचेपर्यंत सारे काही पूर्ववत झालेले असते. डॉक्टरांच्या दारात पाऊल ठेवताच दाढदुखी थांबावी, तसाच हा प्रकार! दुखणे मात्र गेलेले नसते. चार दिवसांनी, कदाचित अधिक अडचणीच्या वेळी, ते पुन्हा डोके वर काढते.

या विषयाशी आपला काय संबंध, असे शहरी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नळाला येणारे पाणी, घरातली वीज, पिशवीतले दूध आणि औषधाची गोळी यांच्या निर्मितीत वा वितरणात आज स्वयंचलित नियंत्रण यंत्रणांचा मोठा वाटा आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांतही याच यंत्रणा अहोरात्र राबत असतात. त्यांचे काम एकमेकींशी चालणाऱ्या अखंड संवादावर अवलंबून असते. हा संवाद क्षणभर तुटला तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. काही वेळा माल वाया जातो. आणि क्वचित प्रसंगी एखादी अणुभट्टी तातडीने बंद करावी लागते किंवा लाखो लिटर सांडपाणी नदी-नाल्यांत वाहून जाते. ही दोन्ही उदाहरणे काल्पनिक नाहीत. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी हा संवाद चालतो कसा, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

प्रश्नोत्तरांची साखळी

कारखान्यातील यंत्रांना आज्ञा देणाऱ्या छोट्या, दणकट संगणकाला ‘पीएलसी’ म्हणतात. तापमान, दाब, पातळी मोजणारी उपकरणे, झडपा आणि मोटरींचा वेग बदलणारे ड्राइव्ह त्याला केबलने जोडलेले असतात. या साऱ्यांच्या वर नियंत्रण कक्षातील संगणक असतो. त्याच्या पडद्यावर संपूर्ण प्रक्रियेचे चित्र दिसते. विस्तीर्ण प्रदेशात पसरलेल्या अशा व्यवस्थेस ‘स्काडा’ हे नाव आहे.

या उपकरणांना आपसात बोलण्यासाठी समान भाषा लागते. ‘मॉडिकॉन’ या अमेरिकी कंपनीने १९७९ साली ‘मॉडबस’ नावाची अशी एक भाषा तयार केली. ती इतकी साधी होती, की आजही जगभर ती वापरात आहे. तिची रीत वर्गातल्या हजेरीसारखी असते. मुख्य नियंत्रक एकेका उपकरणाला त्याच्या क्रमांकाने हाक मारतो आणि त्याने उत्तर द्यायचे असते. उत्तर ठरावीक वेळेत आले नाही, तर नियंत्रक पुन्हा विचारतो. दोन-तीनदा विचारूनही शांतताच राहिली, तर ते उपकरण गैरहजर समजले जाते. प्रत्येक संदेशाच्या शेवटी पडताळणीचा आकडा जोडलेला असतो. वाटेत संदेशातील एखादा अंश बदलला तर हा आकडा जुळत नाही आणि ऐकणारे उपकरण तो संदेश निमूटपणे टाकून देते.

ही व्यवस्था मोठी शहाणपणाची आहे, यात शंका नाही. तथापि, येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाचे मूळही बऱ्याचदा तिच्या आडच दडते. शंभरातले दोन-चार संदेश खराब होऊ लागले तरी पुन्हा विचारण्याच्या सोयीमुळे काम बिनबोभाट चालू राहते. केबल हळूहळू आजारी पडत असते, पण पडद्यावर सारे काही हिरवे दिसते. एके दिवशी सलग तीन प्रयत्न फसतात आणि आजार प्रथमच दिसून येतो. लोकांच्या लेखी बिघाड आज झालेला असतो. वस्तुतः तो कित्येक महिन्यांपूर्वी सुरू झालेला असतो.

तक्रार एकाची, दुखणे दुसऱ्याचे

या साखळीचा आणखी एक चकवा असा, की ओरडणारे उपकरण आणि आजारी उपकरण एकच असेल याची खात्री देता येत नाही. समजा, एका केबलवर तीस उपकरणे आहेत आणि प्रत्येकाशी बोलायला पन्नास मिलिसेकंद लागतात. म्हणजे दीड सेकंदात एक फेरी पूर्ण होते. आता त्यातील एक उपकरण बंद पडले. नियंत्रक त्याची प्रत्येक वेळी एक सेकंद वाट पाहतो आणि तीनदा विचारतो. उरलेल्या एकोणतीस उपकरणांचा दीड सेकंदाहून थोडा कमी वेळ अधिक हे तीन सेकंद, अशी एक फेरी जवळजवळ साडेचार सेकंदांची होते.

याच केबलवरील एखाद्या झडपेला, तीन सेकंद आज्ञा आली नाही तर सुरक्षिततेसाठी आपणहून बंद व्हायचे, असे शिकवलेले असेल, तर ती झडप बंद होते. तक्रार नोंदवली जाते ती झडपेची. तंत्रज्ञ झडप तपासतो, तिचे कार्ड बदलतो. पण झडप मुळातच धडधाकट असते. दोष असतो तो पलीकडच्या कोपऱ्यातील, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या एखाद्या मीटरचा. म्हणूनच ‘कोण ओरडले’ यापेक्षा ‘त्याच वेळी आणखी कोण गप्प होते’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

तारेतला प्रतिध्वनी

अनुभवी मंडळी शोधाला सुरुवात करतात ती केबलपासून. आणि ते योग्यच होय. मॉडबससारख्या संवादासाठी ‘आरएस-४८५’ नावाची जोडणी सर्रास वापरली जाते. तिचे मानक १९८३ साली प्रसिद्ध झाले. पीळ दिलेल्या दोन तारांवर एकमेकांच्या उलट विद्युतदाब पाठवायचा आणि त्यांतील फरकावरून एक की शून्य हे ओळखायचे, ही तिची युक्ती. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक कायम राहतो. कमी वेगाने बाराशे मीटरपर्यंत ही जोडणी चालते.

मात्र विहिरीत हाक मारली की आवाज घुमून परत येतो, तसा केबलच्या उघड्या टोकावरून विद्युत संदेशही परावर्तित होतो. तो थोपवण्यासाठी केबलच्या दोन्ही टोकांना साधारणतः १२० ओहमचा एकेक रोध बसवावा लागतो. संदेश केबलमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. म्हणजे बाराशे मीटर जाऊन परत येण्यास त्याला जेमतेम बारा मायक्रोसेकंद लागतात. संवादाचा वेग सेकंदाला ९६०० अंशांचा असेल, तर एक अंश १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि त्याचे वाचन होईपर्यंत प्रतिध्वनी विरून गेलेला असतो. त्यामुळे टोकाचा रोध बसवायचा राहून गेला तरी वर्षानुवर्षे काही जाणवत नाही.

पण वेग वाढला, की हिशेब बदलतो. जर्मनीत विकसित झालेली ‘प्रोफीबस’ ही जोडणी सेकंदाला एक कोटी वीस लाख अंशांपर्यंत धावते. तेथे एक अंश अवघा ८३ नॅनोसेकंद टिकतो; शंभर मीटरवरून परतणारा प्रतिध्वनी तोवर बारा अंश मागे पडून भलत्याच अंशावर जाऊन आदळतो. ‘इतकी वर्षे चालत होते, आताच काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ‘मध्यंतरी वेग वाढवला’ किंवा ‘मध्यंतरी केबल लांबवली’ एवढेच असते.

प्रोफीबसची आणखी एक खोड सांगण्याजोगी आहे. तिच्या टोकाच्या रोधाला नीट काम करण्यासाठी वीज लागते आणि ती बहुधा शेवटच्या उपकरणातून घेतली जाते. साफसफाईसाठी कुणी ते उपकरण बंद केले, की रोध लुळा पडतो आणि मधलीच कुठली तरी निरोगी उपकरणे अडखळू लागतात. साफसफाई संपते, वीज परत येते, बिघाड नाहीसा! कारण आणि परिणाम यांतील हा संबंध केवळ केबलकडे पाहून कधीच लक्षात येत नाही. त्या वेळी कारखान्यात कोण काय करीत होते, हे विचारावे लागते.

या सगळ्याची पहिली तपासणी अगदी साध्या मीटरने होते. साध्या १२० ओहमच्या रोधांची केबल असेल, तर वीज बंद करून दोन तारांमधील रोध मोजावा. तो साठ ओहमच्या आसपास हवा. १२० भरला तर एक रोध गायब आहे किंवा केबल मध्येच तुटली आहे. चाळीस भरला तर कुणीतरी मध्येच तिसरा रोध लावून ठेवला आहे. दोन मिनिटांच्या या मोजणीने दोन आठवड्यांची पायपीट वाचू शकते.

अर्थिंग, ड्राइव्ह आणि पावसाळा

मोटरींचा वेग बदलणारे आधुनिक ड्राइव्ह वीज वाचवतात. परंतु ते सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतात आणि तोडतात. या झटक्यांचा गोंगाट शेजारच्या केबलवर चढतो. मोटरीची केबल आणि संवादाची केबल एकाच ट्रेमधून नेलेल्या असतील, तर ठरावीक मोटर ठरावीक वेगाने फिरतानाच संदेश खराब होतात. दोन्ही केबल अंतर राखून न्याव्यात आणि एकमेकींना छेदाव्या लागल्या तर काटकोनात छेदाव्यात, हा नियम त्यासाठीच आहे.

अर्थिंगचा प्रश्न याहून नाजूक. दोन इमारतींच्या जमिनीचा विद्युतदाब नेहमी सारखाच असतो असे नाही. जवळपास वेल्डिंग सुरू झाले किंवा मोठी मोटर चालू झाली, की त्यात क्षणिक फरक पडतो. आरएस-४८५ उपकरणे उणे सात ते अधिक बारा व्होल्टपर्यंतचा फरक सहन करतात. त्यापलीकडे संदेश वाचता येत नाहीत, प्रसंगी उपकरणही जळते. इमारती दूर असतील तर मध्ये विद्युत-विलगक बसवणे किंवा सरळ प्रकाशतंतूची केबल टाकणे हाच खात्रीचा उपाय.

उरलेली कारणे आपल्या परिचयाची आहेत. कंपनाने सैल झालेले टर्मिनल, क्रेनबरोबर सतत वाकून आतल्या आत तुटलेली तार, उन्हात तापणारे पॅनेल, पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये झिरपलेले पाणी. यांतील प्रत्येक कारण आपली खूण मागे ठेवते. दुपारीच होणारा बिघाड उष्णतेकडे बोट दाखवतो, पावसानंतरचा ओलाव्याकडे, यंत्र एका विशिष्ट जागी आल्यावर होणारा तुटक्या तारेकडे; आणि शिफ्ट बदलताना होणारा माणसांकडे. यांपैकी कोणताच आकृतिबंध दिसत नसेल, तर संशयाची सुई केबलवरून संगणकीय जाळ्याकडे आणि प्रणालीकडे वळवावी लागते.

जाळ्यातील गर्दी

गेल्या दोन-अडीच दशकांत कारखान्यांत इथरनेटचे, म्हणजे कार्यालयातील संगणकांसारखेच जाळे आले. त्यामुळे सोय झाली, तशी नवी दुखणीही आली. जाळ्याच्या एका टोकाला ‘वेग आणि पद्धत आपापसांत ठरवा’ अशी आज्ञा असेल आणि दुसऱ्या टोकाला पद्धत पक्की बांधून दिली असेल, तर एक बाजू एकाच वेळी बोलते व ऐकते, तर दुसरी आळीपाळीने. रहदारी तुरळक असताना हे खपून जाते. ती वाढली, की टकरा सुरू होतात. सकाळी तपासणीच्या वेळी सारे ठीक आणि ऐन उत्पादनाच्या वेळी गोंधळ, असा अनुभव येतो तो यामुळेच.

गर्दीचा परिणाम किती गंभीर असू शकतो, हे अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ब्राऊन्स फेरी अणुवीज केंद्रात दिसून आले. १९ ऑगस्ट २००६ रोजी तेथील तिसऱ्या संचातील अणुभट्टीत पाणी फिरवणारे दोन्ही पंप बंद पडले आणि चालकांना अणुभट्टी हाताने, तातडीने बंद करावी लागली. पंपांचे यांत्रिक भाग शाबूत होते. त्यांच्या ड्राइव्हचे नियंत्रक मात्र प्रतिसाद देईनासे झाले होते, कारण केंद्राच्या अंतर्गत जाळ्यावर संदेशांचा भडिमार झाला होता. त्याच वेळी पाणी शुद्ध करणाऱ्या व्यवस्थेचा एक नियंत्रकही निकामी झाला होता. त्याच्या बिघाडामुळे भडिमार झाला की भडिमारामुळे तो बिघडला, हे निर्णायकपणे सांगता आले नाही. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने एप्रिल २००७ मध्ये या घटनेची माहिती देणारी सूचना सर्व केंद्रांना पाठवली. उपाय म्हणून त्या नियंत्रकांपर्यंत पोहोचणाऱ्या संदेशांवर मर्यादा घालणाऱ्या भिंती जाळ्यात उभारण्यात आल्या.

या घटनेचा धडा असा, की ज्या संदेशाशी आपला संबंध नाही तोही आपल्याला थकवू शकतो. नियंत्रकाला प्रत्येक संदेश आपला आहे की नाही एवढे तरी पाहावे लागते. आणि त्या पाहण्यातच त्याची शक्ती संपली, तर मूळ काम बाजूला राहते.

मिलिसेकंदांची फट

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे पाच कोटी लोक अंधारात बुडाले. ओहायोमधील ‘फर्स्टएनर्जी’ या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याचे इशारे देणारी प्रणाली दुपारी सव्वादोनच्या सुमारास गप्प झाली होती आणि ती गप्प झाल्याचे चालकांना कळलेच नव्हते. विजेच्या तारा एकामागून एक बाद होत असताना त्यांच्यासमोरचा पडदा शांत होता. सारे सुरळीत असल्यामुळे इशारा येत नाही, की इशारा देणाराच मूर्च्छित पडला आहे, हे ओळखण्याची सोय त्या शांततेत नव्हती.

त्या प्रणालीच्या निर्मात्या ‘जीई’च्या तंत्रज्ञांना दोष सापडायला अनेक आठवडे लागले. प्रणालीतील दोन कामांनी एकाच माहितीवर एकाच क्षणी हात घातला आणि इशारे हाताळणारा भाग न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला, असे निष्पन्न झाले. हे घडण्याची फट अवघ्या काही मिलिसेकंदांची होती. ही प्रणाली ठिकठिकाणी मिळून तीस लाखांहून अधिक तास चालली असून हा दोष कधीच प्रकट झाला नव्हता, असे कंपनीच्या अधिकाऱ्याने पुढे सांगितले. तो शोधण्यासाठी योजलेली युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. तंत्रज्ञांनी प्रणालीत जागोजागी मुद्दाम विलंब घालून ती संथ केली आणि इशाऱ्यांचा मारा चालू ठेवला. फट रुंद झाली आणि दोष त्यात सापडला. दुर्मीळ बिघाडाची वाट पाहत बसण्यापेक्षा त्याला बोलावून आणावे, हे निदानशास्त्राचे महत्त्वाचे सूत्र आहे.

बिघाड नव्हे, घुसखोर

तिसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. क्वीन्सलँड राज्यातील मरूची परगण्यात १४२ सांडपाणी पंप-केंद्रांवर रेडिओद्वारे नियंत्रण ठेवणारी नवी यंत्रणा उभारण्यात आली होती. २००० सालच्या सुरुवातीला तेथे विचित्र तक्रारी येऊ लागल्या. पंप चालायला हवेत तेव्हा चालत नव्हते, इशारे पोहोचत नव्हते, मुख्य संगणकाचा पंप-केंद्रांशी संपर्क अधूनमधून तुटत होता. यंत्रणा नवी असल्याने हे बाळंतपणाचे दुखणे असावे, असा समज होणे साहजिक होते. प्रणाली पुन्हा बसवण्यात आली, पण तक्रारी थांबल्या नाहीत.

अखेर कंत्राटदार कंपनीच्या तंत्रज्ञाने अंदाज बांधणे थांबवून रेडिओवरील प्रत्येक संदेश नोंदवायला सुरुवात केली. त्या नोंदींत त्याला दिसले, की यंत्रणेत गोंधळ घालणाऱ्या आज्ञा चौदा क्रमांकाच्या पंप-केंद्राच्या नावाने येत आहेत. त्याने एक साधा प्रयोग केला. खऱ्या चौदाव्या केंद्राचा ओळख-क्रमांक बदलून तीन केला. आता चौदा या क्रमांकाने बोलणारे कुणीच उरले नव्हते. तरीही त्या क्रमांकाने संदेश आला, तर तो तोतया हे उघड होते. आणि संदेश आला! १६ मार्च २००० रोजी त्याने जाळ्यावर त्या तोतयाला गाठले. पुढे घुसखोराने ओळख-क्रमांक बदलून पाहिले. परंतु २३ एप्रिल रोजी पोलिसांनी व्हिटेक बोडेन यास त्याच्या मोटारीत संगणक आणि रेडिओ उपकरणांसह पकडले. ही यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत तो पूर्वी कामाला होता आणि परगण्याच्या प्रशासनाने त्याला नोकरी नाकारली होती. दरम्यान सुमारे आठ लाख लिटर सांडपाणी उद्याने, नाले आणि एका हॉटेलच्या आवारात पसरले होते. ऑक्टोबर २००१ मध्ये न्यायालयाने त्याला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

या प्रकरणाची ख्याती संगणकीय गुन्हा म्हणून झाली. पण निदानाच्या दृष्टीनेही ते अभ्यासनीय आहे. बिघाड आणि घातपात यांची बाह्य लक्षणे तंतोतंत सारखी असू शकतात; त्यांतील भेद केवळ नोंदींतूनच स्पष्ट होतो. शिवाय ‘हे असेच असेल तर अमुक घडेल, नसेल तर घडणार नाही’ अशा प्रयोगानेच संशयाचे रूपांतर पुराव्यात होते.

निदानाची शिस्त

या सर्व अनुभवांतून काही पथ्ये हाती लागतात. पहिले पथ्य नोंदीचे. बिघाड नेमका किती वाजता झाला, किती सेकंद टिकला, त्या वेळी कोणती यंत्रे चालू होती, हवा कशी होती, कुणी काही बदल केला होता का, हे दर वेळी लिहिले गेलेच पाहिजे. त्यासाठी सर्व उपकरणांची घड्याळे जुळलेली हवीत. २००३ च्या वीजसंकटानंतर नेमलेल्या अमेरिका-कॅनडा कृतिदलानेही नोंदयंत्रांच्या वेळा जुळवण्याची शिफारस केली होती. घड्याळात दोन मिनिटांचा फरक असेल, तर परिणाम कारणाच्या आधी घडल्यासारखा दिसतो.

दुसरे पथ्य मोजमापाचे. जवळजवळ प्रत्येक आधुनिक उपकरण खराब संदेशांची मोजदाद ठेवत असते. ती वाचण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते. रोज ठरावीक वेळी हे आकडे टिपून ठेवले, तर कुठल्या टप्प्यावर आजार वाढतो आहे, हे लाइन थांबण्याआधीच समजते. निरोगी अवस्थेतील नोंदी हाताशी असतील तर दुधात साखर. कारण ताप मोजायचा तर मुळात सामान्य तापमान माहीत असावे लागते.

तिसरे पथ्य पुरावा जपण्याचे. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली, की ती बहुधा चालू लागते, पण तिच्या स्मृतीतील खुणा पुसल्या जातात. शक्यतो आधी नोंदी उतरवून घ्याव्यात, मग बटण दाबावे. सतत संदेश टिपणारे आणि बिघाड होताच मागील काही मिनिटांचे चित्र जतन करणारे उपकरण लावून ठेवणे हा उत्तम मार्ग होय.

चौथे पथ्य, एका वेळी एकच बदल. घाईत कार्ड, केबल आणि कनेक्टर एकदमच बदलले जातात. बिघाड थांबला तरी दोष कशात होता, हे अज्ञातच राहते. कित्येकदा नवे कार्ड बसवताना सैल कनेक्टर घट्ट बसतो आणि श्रेय कार्डाला मिळते. काढलेले कार्ड तपासणीत निर्दोष ठरते आणि काही महिन्यांनी कनेक्टर पुन्हा सैल होतो. दोष नेमका कुठे आहे हे शोधायचे, तर केबलचे दोन भाग करून कोणता भाग आजारी आहे ते पाहावे. मग त्या भागाचे पुन्हा दोन. बत्तीस उपकरणांतून अशा पाच पायऱ्यांत एकावर पोहोचता येते. मात्र तोडलेल्या टोकाला दर वेळी रोध बसवायला विसरू नये, अन्यथा आपणच नवा दोष निर्माण करून बसतो.

पाचवे पथ्य संयमाचे आणि त्यामागे गणित आहे. दिवसाला सरासरी एकदा, पण अनियमितपणे होणारा बिघाड दुरुस्तीनंतर एक दिवस झाला नाही, म्हणून तो गेला असे समजू नये. काहीही दुरुस्त न करताही असा एखादा दिवस शांत जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ३७ असते. सलग तीन दिवस शांत गेले, तर ती शंभरात पाचावर येते. म्हणजे बिघाडांमधील सरासरी अंतराच्या किमान तिप्पट काळ वाट पाहिल्याशिवाय विजय घोषित करणे उतावीळपणाचे ठरेल. त्याहूनही भक्कम पुरावा म्हणजे संशयित कारण मुद्दाम घडवून बिघाड पुन्हा आणता येणे आणि ते दूर करताच तो घालवता येणे. अर्थात हा प्रयोग चालू प्रक्रियेवर न करता सुरक्षित अवस्थेतच करावा, हे वेगळे सांगायला नको.

मलमपट्टीचा मोह

या सगळ्याला आड येते ती उत्पादनाची घाई. लाइन थांबलेली असताना प्रत्येक मिनिटाचा हिशेब मागितला जातो. अशा वेळी ‘प्रतीक्षेचा कालावधी एक सेकंदाचा पाच सेकंद करा’ हा उपाय मोठा आकर्षक वाटतो. इशारे थांबतात, सर्वांना हायसे वाटते. परंतु तो कालावधी कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेला असतो. टाकी भरून वाहण्याआधी किंवा दाब मर्यादेपलीकडे जाण्याआधी संवाद तुटल्याचे कळावे, हा त्यामागचा उद्देश असतो. तो वाढवणे म्हणजे तापमापक फेकून देऊन ताप उतरला असे म्हणण्यासारखे आहे. उपाययोजना म्हणून तसे करणे भागच पडले, तर ते लेखी नोंदवून, प्रक्रियेच्या सुरक्षिततेचा विचार करून आणि मूळ दोष शोधण्याची मुदत ठरवूनच करावे.

दुसरा अडसर ज्ञानाच्या वाटणीचा आहे. विजेचे काम एका विभागाकडे, उपकरणे दुसऱ्याकडे, संगणकाचे जाळे तिसऱ्याकडे आणि प्रणाली बाहेरच्या पुरवठादाराकडे, अशी रचना बहुतेक ठिकाणी असते. प्रत्येक जण आपला भाग तपासून तो निर्दोष असल्याचा निर्वाळा देतो आणि तो खराही असतो. येऊन-जाऊन असणारे बिघाड मात्र नेमके या विभागांच्या सीमेवर वस्ती करतात. ड्राइव्हचा गोंगाट हा विजेचा विषय, केबल उपकरणांचा, तर संदेश संगणकाचा. या मंडळींना एका टेबलाभोवती बसवून एकच वेळापत्रक समोर ठेवले, तर आठवड्यांचे काम तासांत होण्याचा संभव असतो. रात्रपाळीच्या कामगाराने सहज सांगितलेली ‘मागची मोठी मोटर सुरू झाली की असे होते’ ही ओळही त्या टेबलावर आली पाहिजे.

संवाद कधीच तुटणार नाही अशी यंत्रणा बनवता येत नाही. तो तुटला, तर यंत्रांनी सुरक्षित अवस्थेत जावे, तुटल्याचे चालकाला तत्काळ कळावे आणि का तुटला याच्या खुणा शिल्लक राहाव्यात, एवढी अपेक्षा मात्र नक्कीच ठेवता येते. ब्राऊन्स फेरीत पहिली अपेक्षा चालकांच्या तत्परतेने पूर्ण झाली, ओहायोत दुसरी फोल ठरली आणि मरूचीत एका तंत्रज्ञाने तिसरी स्वतःच्या चिकाटीने पूर्ण केली. आपल्या शहराच्या पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या यंत्रणांबाबत या तीन अपेक्षा कितपत पूर्ण होतात, हा प्रश्न त्या यंत्रणा चालवणाऱ्यांना विचारण्याचा अधिकार नागरिकांना निश्चितच आहे. आणि तो विचारण्याची योग्य वेळ संवाद तुटण्यापूर्वीची असते.